नऊ वाजताचा मिस्ड कॉल

माझ्या फोनमध्ये तिचा नंबर 'मासळीवाली' या नावाने आहे. ते नाव मीच टाकलं, हॉस्पिटलच्या पलंगावर बसून, ती शेजारच्या पलंगावर झोपलेली असताना. तिला चारचौघींसारखं चांगलं नाव आहे. पण ते स्क्रीनवर दिसलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, ही कोण गं, कुठली ओळख? मासळीवालीबद्दल कोण कशाला विचारतंय!

आमच्या दोघींचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात. वजन कमी करण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन. माझं वजन एकशे सोळा किलो होतं आणि शुगर कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. मी नवघरच्या एका शाळेत क्लार्क आहे. ऑफिस पहिल्या मजल्यावर. एवढा एक जिना चढताना मी मध्येच थांबून नोटीस बोर्ड वाचायचे. वर्षभरात एकही नोटीस माझ्या नजरेतून सुटली नाही, आणि मुख्याध्यापिकाबाईंना वाटायचं, किती ही कामाची आवड.

ऑपरेशनचं फक्त नवऱ्याला माहीत होतं. बिल्डिंगमध्ये, शाळेत, सासरी, माहेरी मी सांगितलं, पित्ताचे खडे काढायचेत. खडे झाले म्हटलं की माणसं 'अरेरे' म्हणतात. जाडीसाठी ऑपरेशन म्हटलं असतं तर तोंडावर 'अरेरे' आणि पाठ वळली की, खाऊन खाऊन फुगली आणि आता कापून घेतलं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच तसं बोलले असते.

ती उत्तनची. कोळीवाड्यातली ख्रिश्चन बाई, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा होडीवर जायचा आणि ही भाईंदर पूर्वेच्या बाजारात मासळी विकायला बसायची. पाटावर बसून बसून गुडघे गेले होते आणि डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरल्याशिवाय गुडघ्यांना हात लावणार नाही. तिने मात्र सगळ्या कोळीवाड्याला सांगून ऑपरेशन करून घेतलं. भेटायला दहा-दहा बायका यायच्या आणि ही पोटावरची छोटी छोटी पाच भोकं दाखवायची.

"लोकांना खडे सांगायचे ना, ताई," मी तिला एकदा हळूच म्हणाले.

"खडे कशाला सांगू? जाडी होते, कापून घेतला," ती म्हणाली. "मी काय चोरी केलीय?"

घरी सोडायच्या आदल्या दिवशी आहारतज्ज्ञ मॅडम आल्या आणि आम्हा दोघींना समोर बसवून धडा घेतला. घास सुपारीएवढा. तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. डाळ, अंडं, मासे आधी, भात-पोळी नंतर, जागा उरली तर. आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज, जन्मभर, न चुकता. मग त्यांनी हातात एकेक कार्ड ठेवलं. पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, पाणीसुद्धा टिकत नसेल, तर त्याच दिवशी इथे यायचं. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर कार्ड दाखवायचं, आणि ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन द्यायला सांगायचं. "उलट्या चालू राहिल्या तर शरीरातलं बी-वन थोड्याच दिवसांत संपतं," मॅडम म्हणाल्या, "आणि त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही जातं. मग पाय लुळे पडतात, डोळ्यांवर येतं, डोक्यावर येतं. हे परत सांगणार नाही, म्हणून आत्ता दोघी म्हणून दाखवा."

आम्ही शाळेतल्या मुलींसारखं म्हणून दाखवलं. मी तर एका श्वासात. पाठांतर माझं लहानपणापासून चांगलं.

मिस्ड कॉलची कल्पना तिची. तिला वाचायला फारसं यायचं नाही, मेसेज तिच्या कामाचा नव्हता. तिने ठरवून टाकलं: रोज सकाळी नऊला गोळ्या घेतल्या की एक रिंग द्यायची आणि कापायचं. दुसरीने उलटी एक रिंग द्यायची, म्हणजे तिनेही घेतल्या. दहापर्यंत एखादीची रिंग आली नाही तर दुसरीने फोन करून विचारायचं. आणि लागोपाठ तीन रिंगा आल्या तर काहीतरी वाईट झालंय, असाल तिथून फोन करायचा. "आन् काय झाला तर दोघी मिलून हॉस्पिटलात जाऊ," ती म्हणाली. मी हो म्हणाले. बरं वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू. नवऱ्याशिवाय जगात एक माणूस होतं ज्याच्यापुढे खडे सांगायची गरज नव्हती.

महिनाभर मी अगदी नेमाने वागले. मग वजन उतरू लागलं आणि माझ्या अंगात शहाणपण चढलं. गोळ्या रव्याच्या डब्यात लपवलेल्या असायच्या, वरच्या फळीवर. त्यातली एक चघळायची, संत्र्याच्या वासाची. एका सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी दार उघडं बघून थेट आत आल्या, त्यांची तशी सवय, आणि म्हणाल्या, "संत्र्याचा वास येतोय. काय खातेस गं एकटी एकटी?" मी म्हटलं, विक्सची गोळी. दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतलीच नाही. तिसऱ्या दिवशी घेतली. मग राहिलीच. काही झालं नाही. उलट ड्रेस सैल झाले, जिन्यात थांबावं लागेना, नोटीस बोर्ड वाचायचा राहून गेला.

रिंग मात्र मी रोज देत होते. नऊ वाजता, न चुकता. तिचीही उलटी रिंग यायची. माझ्या गोळ्या डब्यात आणि माझी रिंग उत्तनला.

जानेवारीत ती पुन्हा बाजारात बसू लागली. हे मला माहीत नव्हतं. मी आणि वहिनी संध्याकाळी भाजी घ्यायला गेलो होतो आणि मासळीच्या रांगेतून आवाज आला, "बाय! ए बाय! गोल्या घेते ना? उलटी-बिलटी न्हाय ना होत?"

खणखणीत आवाज, सगळा बाजार ऐकेल असा. चेहरा फुललेला. तीही बारीक झाली होती. हात वर करून मला बोलावत होती, हाताला मासळीचं पाणी लागलेलं.

"तुला म्हणतेय का?" वहिनींनी विचारलं.

"मला? छे. दुसरी कुणीतरी वाटली असेल," मी म्हणाले आणि कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन तिचे देठ मोजल्यासारखी उभी राहिले. जाताना एकदा चोरून मागे पाहिलं. तिचा हात खाली आला होता. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, समजलं अशी, आणि समोरच्या गिऱ्हाइकासाठी बोंबील उचलले. दुसऱ्या दिवशी नऊला तिची रिंग आली. फोन करून ती एका शब्दाने काही बोलली नाही. नंतर बाजारात मी दोनदा तिच्यासमोरून गेले, तिने दोन्ही वेळा मान खाली घातली. माझी अब्रू ती सांभाळत होती आणि मी तिला ती सांभाळू देत होते. आजही ती कोथिंबीर आठवली की माझे कान तापतात.

मग तिच्या रिंगा बंद झाल्या. पहिल्या दिवशी दहा वाजून गेले तेव्हा लक्षात आलं. ठरल्याप्रमाणे मी फोन करायला हवा होता. पण फोन केला असता तर ती नक्की विचारणार, तुझं कसं चाललंय, आणि मला खोटं तोंडाने बोलावं लागलं असतं. रिंग देऊन खोटं बोलणं सोपं असतं. मी स्वतःला म्हटलं, चिडली असेल बाजारातल्या त्या गोष्टीवर, आपोआप येईल. दुसरा दिवस गेला, तिसरा, चौथा. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. मी माझी रिंग मात्र देत राहिले. तिकडून उत्तर नाही आणि इकडे माझा नेम चालू.

पाचव्या दिवशी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बिल्डिंगमधल्या वीसेक जणी आल्या होत्या. वाण होतं स्टीलची गाळणी. पण त्या दिवशी वाणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. अठरा किलो उतरले होते आणि काळी साडी अंगाला छान बसली होती. "काय केलंस गं?" एकीने विचारलं. वरच्या मजल्यावरची गुजराती भाभी म्हणाली, "आप तो आधी हो गई! हमें भी बताओ."

मी सांगायला सुरुवात केली. सकाळी कोमट पाणी, लिंबू, रोज जेसल पार्कपर्यंत चालणं, एक घास तीस वेळा चावणं आणि मनावर ताबा. "शेवटी सगळं मनावर असतं हो," असं मी तिळगूळ वाटता वाटता म्हणाले. हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे, माझ्या खात्यावर ते कायमचं राहणार.

टीपॉयवरचा फोन वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, थांबला. तिसऱ्यांदा वाजला. वहिनी जवळ बसल्या होत्या, त्यांनी वाकून वाचलं. "मासळीवाली! अगं हळदीकुंकवाच्या दिवशी तरी सोड मासळी." सगळ्या हसल्या. मीही हसले. फोन उचलून उलटा ठेवला आणि म्हटलं, "पापलेट आलं की कळवते ती."

तीन रिंगा म्हणजे काय हे मला त्या क्षणी आठवलं होतं. विसरले होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना रिक्षातून मी फोन केला. तिचा आवाज ओळखू येईना. गावातल्या एका लग्नात तिने घाईघाईत दोन घास मटण खाल्लं होतं, तेव्हापासून उलट्या. दहा-बारा दिवस. आता चार-पाच दिवस पाणीसुद्धा टिकत नव्हतं, गोळ्याही पडत होत्या, म्हणून तिने रिंग दिली नव्हती. गोळी पोटात राहिली नाही तर रिंग द्यायची कशी, असा तिचा हिशोब.

"बाय, हॉस्पिटलात जावा लागंल काय? तू येशील ना?"

मला सगळं पाठ होतं. कार्डावरची एकेक ओळ. पण तिच्याबरोबर जायचं म्हणजे मॅडम मलाही बसवणार, माझंही रक्त काढणार, आणि गोळ्या घेतल्या नाहीत हे रक्तात दिसणार. चुकवलेल्या दोन तपासण्याही निघणार. आणि त्या दिवशी शाळेत इन्स्पेक्शन होतं, तेही एक कारण मी हाताशी ठेवलं.

"अगं, होतं असं," मी म्हणाले. "मलाही होतं. लगेच कशाला एवढ्या लांब? जवळच्या डॉक्टरकडे जा, एखादं सलाईन चढवून घे, तरतरी येईल."

"तुलाबी होतंय?"

"हो, होतं ना अधूनमधून."

"मंग बरा," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. "मना वाटला माझाच कायतरी बिघडला."

सलाईन हे आपल्याकडचं तीर्थ आहे. ताप आला, चक्कर आली, अशक्तपणा आला, एक बाटली चढवली की पेशंट खूश आणि घरचेही खूश. मीही सहज ते नाव घेतलं. तिने गावातल्या डॉक्टरकडे दोन दिवस दोन-दोन बाटल्या चढवून घेतल्या. ग्लुकोजच्या. कार्ड घरी भिंतीवर, येशूच्या तसबिरीशेजारी खिळ्याला लावलेलं होतं. मैत्रीण म्हणाली होती ना काही विशेष नाही, मग ते कशाला न्यायचं?

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिला एकाचे दोन नवरे दिसू लागले. उभी राहायला गेली तर पाय आपले नाहीतच. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं, तिच्याच फोनवरून. मी ऑफिसात दाखले लिहीत होते. स्क्रीनवर 'मासळीवाली' आलं आणि आतून पुरुषाचा आवाज, "तुम्ही तिच्या संगातल्या ना? ती तुमचा नाव घेते."

मी गेले. आता घाबरून गेले, प्रेमाने नव्हे, हेही लिहून ठेवते. मीरा रोडला, आमच्याच हॉस्पिटलात, तिचे डोळे एका जागी ठरत नव्हते. बी-वनची इंजेक्शनं सुरू झाली होती. डॉक्टर बाहेर तिच्या नवऱ्यावर रागावत होते. "इतके दिवस थांबलात कशाला? आणि आमचं कार्ड असताना ग्लुकोज लावायला कोणी सांगितलं?"

नवरा रापलेला, थोराड माणूस. टोपी हातात चुरगाळत उभा होता. "मना न्हाय माहीत, साहेब. कोन तरी वलखीची बाई बोलली तिला."

मी तिथेच होते, त्याच्यापासून दोन हातांवर. डॉक्टर बोलत होते आणि मी मान हलवत होते, जणू मलाही त्या ओळखीच्या बाईचा राग आलाय. तेवढ्यात मॅडमनी मला पाहिलं आणि विचारलं, "तुमचं फॉलोअप राहिलंय. गोळ्या चालू आहेत ना?" मी म्हणाले, "हो, रोज." तिच्या खोलीच्या दारात उभी राहून.

डोळे आठवडाभरात जागेवर आले. वाचली, वेळेत आली, असं सगळे म्हणाले. पाय मात्र आले नाहीत. मज्जातंतूंना वेळ लागतो, कदाचित महिने, कदाचित पूर्ण येणारही नाहीत. मी घरी आले, रव्याचा डबा खाली काढला आणि गोळ्या घ्यायला लागले. तपासणीही करून घेतली. माझं बी-ट्वेल्व्ह घसरलेलं निघालं, लोह कमी, तेवढंच. तेवढ्यावर सुटले याची मला आजही चीड येते.

दोन महिने मी तिला भेटायला गेले नाही. फोनवर चौकशी करायचे, तिच्या नवऱ्याकडे. शेवटी मार्चच्या अखेरीस एका रविवारी स्टेशनवरून उत्तनची बस धरली. ती दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, शेजारी वॉकर. बाजारात तिच्या जागेवर आता नणंद बसत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला, बाजारातल्यासारखाच. आत ओरडून तिने माझ्यासाठी बोंबलाचं पातळ कालवण मागवलं, बिनतिखटाचं, वाटीत जेमतेम चार चमचे. "हलू खा. चाव," म्हणाली. आणि मग, "तुझ्या उलट्या थांबल्या काय गं? मी चर्चमंदी मेनबत्ती लावली. एक माझी, एक तुझी."

वाटी मी खाली ठेवली.

"मला कधीच उलट्या झाल्या नाहीत, ताई," मी म्हणाले. मग सगळंच सांगितलं. कार्डावरचं मला पाठ होतं हे सांगितलं. तुझ्याबरोबर गेले असते तर माझं उघडं पडलं असतं हे सांगितलं. तीन रिंगा ऐकल्या होत्या, फोन उलटा ठेवला होता. आणि गोळ्या तर दोन महिने घेतल्याच नव्हत्या.

ती वॉकर जवळ ओढून त्याच्या मुठीचं रबर नखाने खरवडू लागली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मंग रोज रिंग कशाला देत होतीस?" तिने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

"जा तू आता," ती म्हणाली. "माझे पाय दुखतान."

मी बसने परत आले. दुसऱ्या दिवशी गोळ्या घेतल्या आणि नऊला रिंग दिली. उत्तर आलं नाही. पुढचे पंधरा-सोळा दिवसही नाही. खऱ्या रिंगा होत्या त्या, सगळ्या. पण आता माझ्या रिंगेला कशाचा भाव?

चैत्रगौरीचं हळदीकुंकू यंदा वहिनींकडे होतं, पण कैऱ्या किसायला सगळ्या सकाळीच माझ्या स्वयंपाकघरात जमल्या, माझ्याकडे मोठी किसणी आहे म्हणून. डाळ भिजलेली, पन्ह्याची कैरी उकडत ठेवलेली. बरोबर नऊला फोन वाजला. आणि वाजतच राहिला. व्हिडिओ कॉल होता.

"तुझी मासळीवाली," वहिनी म्हणाल्या. "व्हिडिओ करते? पापलेट दाखवायला?"

मी हात पुसून फोन घेतला. ती खुर्चीवर बसली होती, चेहरा गंभीर. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"गोल्या कुठं हायेत?"

"डब्यात," मी म्हणाले.

"काढ. मना दिसू दे."

स्वयंपाकघरात किसणी थांबली. मी फोन ओट्यावर बरणीला टेकवून उभा केला, स्टुलावर चढून रव्याचा डबा काढला आणि रव्यात हात घालून गोळ्यांची पिशवी बाहेर काढली. रवा झटकला. तिने एकेक गोळी स्क्रीनजवळ धरायला लावली. तोंडात टाकायला लावली.

"आता तोंड उघड. जीभ वर कर. चावली? बरा."

"कसल्या गं गोळ्या एवढ्या?" वहिनींनी विचारलं.

तोंडात संत्र्याची चव होती. मी म्हणाले, "वजनाचं ऑपरेशन केलंय मी. पोट कापून लहान केलंय. खडेबिडे काही नव्हते, आणि कोमट पाण्याने काही झालेलं नाही." मग फोनकडे बोट दाखवलं. "ही माझ्या शेजारच्या पलंगावर होती. बाजारात हाक मारली होती ती हीच. ओळखत होते मी."

भाभीने हळूच गॅस बारीक केला. पुढे बिल्डिंगमध्ये काय बोललं गेलं ते मला माहीत आहे, त्यांच्या जागी मी असते तर तेच बोलले असते.

तिने मला माफ केलंय का, मी कधी विचारलेलं नाही. मिस्ड कॉल ती आता मान्य करत नाही. रोज नऊला व्हिडिओ कॉल करते, आणि मी असेन तिथे, रिक्षात, शाळेच्या जिन्यावर, पालकांच्या रांगेसमोर, तोंड उघडून जीभ वर करून दाखवते. मग मी म्हणते, आता तुझं दाखव. ती फोन खाली धरते आणि मला तिची पावलं दिसतात, फरशीवर टेकलेली. ती हलवते. दोन्ही अंगठे हलतात. बाकीची बोटं अजून नाही.